फौजदाराचा पिवळा रुमाल

माझ्या मेहुण्याला लग्नकार्यात माझी ओळख करून द्यायची भारी हौस. वसमतच्या कुठल्याही मंडपात नवा पाहुणा दिसला की तो मला हाताला धरून पुढं ओढतो आणि खणखणीत आवाजात सांगतो, “हे आमचे दाजी. जिल्ह्यातला सगळा गांजा ह्यांच्या हातून गेलेला हाय!” मग पंगतीत दोन तट पडतात. काही पाहुणे खुर्ची लांब सरकवतात, काही जवळ. जवळ सरकवणारे हात धुताना हळूच विचारतात, “दाजी, थोडाबहुत उरत असंल की?”

उरत नाही, बाबांनो. मी सरकारी प्रयोगशाळेत रासायनिक विश्लेषक होतो. पोलिसांनी पकडलेला पाला, पावडर, गोळ्या आमच्याकडं लाखबंद पाकिटात यायच्या. हा माल खरोखर नशेचा आहे की पकडणाऱ्यालाच चढली आहे, एवढं सांगायचं आमचं काम. तपासून उरलेला माल पुन्हा लाख लावून परत जायचा. त्यातली चिमूट जरी इकडची तिकडं झाली असती, तरी मेहुण्यानं माझी ओळख वेगळ्या शब्दांत करून दिली असती.

नोकरीभर त्या वासात राहून माझं नाक मात्र असं तयार झालं की काय सांगू. श्वानपथकाचं कुत्रं आमच्या आवारात आलं की आधी माझ्याकडं बघायचं. मी मान हलवली तरच भुंकायचं. एकदा एसटीत डुलकी लागली असताना वासानं जाग आली. माल मागून येणाऱ्या ट्रकात होता, आणि ट्रक अजून जिंतूरलाच होता. मेहुण्याला हे खरं वाटतं. तुम्हाला वाटत नसेल तर राहू द्या, पुढचं तरी खरं माना.

गिऱ्हाइकंही एकेक नग. एकदा जवळा बाजार गावचा एक गडी कागदाची पुडी घेऊन थेट माझ्या टेबलाशी आला.

“साहेब, एवढं तपासून द्या.”

“कुठल्या ठाण्याकडून आलात?”

“ठाणं काहून? म्या सोता रोख पैशे देऊन घेतलाय. निम्मं गवत हाय ह्याच्यात! तुमी फकस्त लिहून द्या, म्या त्या बदमाशावर फसवणुकीची केस ठोकतो.”

त्याला चहा पाजला. समजावलं, की बाबा, केस ठोकायला गेलास तर फिर्यादी आणि आरोपी एकाच जीपमधून जाल. गड्यानं चहा संपवला. उठताना म्हणाला, “म्हंजे मिलावट करणाऱ्याला ह्या देशात कोणी विचारणारच न्हाई?” आणि पुडी खिशात घालून गेला. आमच्या खात्यावरचा त्याचा विश्वास कायमचा उडाला.

आता धंद्याचं थोडं सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

वाळून चुरा झालेला पाला डोळ्यांनी ओळखता येत नाही. माझ्या नाकानं येतो, पण कोर्ट नाकाची साक्ष घेत नाही. म्हणून आधी फोटो. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडलेला असतो, आणि पाल्याचा एवढासा कण संगणकाच्या पडद्यावर परातीएवढा दिसतो. गांजाच्या पाल्यावर बारीक केस असतात, वाघनखासारखे वाकडे. त्यांच्या बुडाशी चुनखडीचा खडा असतो. त्यावर आम्लाचा थेंब सोडला की सोडावॉटरसारखे बुडबुडे निघतात. हे फोटोचं काम आमच्याकडं अंजली बघायची. पोरगी वयानं लहान, नजर घारीची. दोन जिल्ह्यांत पकडलेल्या गोळ्यांचे फोटो शेजारी ठेवून ती सांगायची, “सर, दोन्हींवर छापाच्या कडेला सारखाच ओरखडा आहे. एकाच साच्यातून निघाल्यात.” आणि निघालेल्याच असायच्या. तिनं माझ्या लग्नाचा अल्बम बघितला असता तर मेहुण्यानं कुठल्या जिलबीवर दोनदा हात मारला तेही सांगितलं असतं.

फोटोनंतर रंगाची परीक्षा. पाल्याचा अर्क नळीत घ्यायचा, त्यात रसायनं घालून हलवायचं. द्रव ठरला की दोन थर होतात, खाली जड आणि वर हलका. गांजा असेल तर लाल रंग खालच्या थरात जाऊन बसतो. सगळ्यात शेवटी मोठं यंत्र. ते मालाची वाफ करतं आणि आत कोण कोण आहे त्याची हजेरी घेतं, शाळेतल्या गुरुजींसारखी. पोलिसांकडं ह्यातलं फक्त रंगाचं छोटं किट असतं. जागेवर हलवा, रंग बघा, संशय आला तर आमच्याकडं पाठवा. त्या किटाचं म्हणणं पोलीस लोक देववाणीसारखं मानतात. माझी सगळी कथा तिथूनच सुरू होते.

हळदीचा हंगाम होता. म्हणजे आमच्याकडं शेतात हळद, रस्त्यावर हळद, बैलाच्या शिंगावर हळद आणि चहातही हळद. त्या दिवसांत वसमतचा कावळासुद्धा पिवळा दिसतो. अशा दिवसांत एक फौजदार पाकीट घेऊन स्वतः आले. त्यांचं नाव आणि ठाणं सांगत नाही, कारण ते आता निवृत्त होऊन माझ्याच गल्लीत राहतात आणि त्यांच्या घरचे पापड आमच्याकडं येतात. फौजदार म्हणजे धिप्पाड देह, वर मिशा आणि हातात सतत रुमाल. दर दोन वाक्यांना कपाळ पुसायचे.

“सर, वारंगा फाट्यावर धरली,” ते खुर्चीत बसत म्हणाले. “म्हातारी हाय. पोतंभर माल. आन् तोंड असं चालतं की हळदीची गिरणी हार जाईल!”

“म्हणते काय?”

“म्हणते, अंबाडी हाय!” फौजदार खदखदून हसले. “लेक सासरी हाय म्हणं, हदगावकडं. पहिलटकरीण. दिवस भरत आले, आन् तिला आंबट खायची वासना. म्हून वाळवलेली अंबाडी घेऊन चालली, आन् येताना लेकीला बाळंतपणाला माहेरी आणणार. काय ष्टोरी हाय! सर, पानाचा फोटो मारला, मोबाईल म्हणला गांजा. किटात हलवलं, लालभडक! आता मोबाईल खोटा, किट खोटं, आन् म्हातारी तेवढी खरी व्हय?”

“मग आता बाई कुठं आहे?”

“आत. ह्या कायद्यात जामीन एवढा सोपा आसतो का? तुमचा रिपोर्ट येईस्तोवर बसंल.”

इथं मला हसू आलं नाही. कारण आमचा रिपोर्ट कधी यायचा ते मला ठाऊक होतं. पाकिटांची रांग अशी होती की मागच्या कपाटातल्या पाकिटांना एव्हाना नातवंडं झाली असतील. म्हातारी खरी असली तर तिची लेक बाळंत होऊन, लेकराला दात येऊन, ते अंबाडीची भाजी खायला लागलं असतं, तरी आजी आतच. तिच्या लेकीचं बाळंतपण करायला दुसरं कोणी नव्हतं, हेही फौजदारांनीच सांगितलं. विनोद म्हणून सांगितलं.

म्हातारीला वाचवलं कोणी असेल तर ते फौजदारांच्या हौसेनं. पोत्याशेजारी उभं राहून काढलेला त्यांचा फोटो पेपरात आला होता, आणि बक्षिसाच्या शिफारशीला रिपोर्ट जोडायचा होता. “सर, आपला माल आधी घ्या,” म्हणून त्यांनी साहेबांकडून फोन आणवला, साहेबांच्या साहेबांकडून आणवला. रांग मोडायचं मला एरवी वावडं होतं. त्या दिवशी मी इतक्या आनंदानं मोडली की फौजदारांना वाटलं, माझंही बक्षिसात नाव आहे.

पाकीट फोडलं. मी वास घेतला आणि माझं जगप्रसिद्ध नाक शिंकलं. वास हळदीचा होता.

अंजलीनं कण पडद्यावर घेतला. इकडं सरकवला, तिकडं सरकवला. मग म्हणाली, “सर, वाघनखं कुठंयत?”

“नीट बघ.”

“नीटच बघून राहिले. एक नाही. बुडबुडे पण नाहीत. पण हे पिवळे ठिपके काय आहेत सगळीकडं?”

चुऱ्यात सापडलेलं एक सबंध पान मी पाण्यात भिजवून पसरलं. गांजाचं पान म्हणजे नुसती बोटं, देठाच्या टोकाला एकत्र बांधलेली. तळहात नसतो. ह्या पानाला बोटं होती, पण ती तळहाताला जोडलेली होती. अंबाडीच! लांबून काढलेल्या फोटोत दोन्ही पानं जुळ्या भावांसारखी दिसतात. पानं ओळखणाऱ्या मोबाईलला तळहात दिसला नाही, आणि म्हातारीचं बोलणं ऐकायची सोय त्याच्यात नव्हती.

“मग किट लाल कसं झालं?” अंजलीनं विचारलं.

रंगाची परीक्षा केली. नळी हलवली आणि झाली की लाल! अंजली माझ्याकडं बघते, मी नळीकडं. थर वेगळे व्हायची वाट बघितली. खालचा थर साधा पिवळा राहिला. लाल सगळा वर तरंगत होता.

मी टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या विषविभागातले लोक पळत आले. किटातल्या रसायनांत एक तीव्र अल्कली असते, चुन्याची सख्खी बहीण. आणि हळदीत चुना कालवला की काय होतं ते माझ्या गावात लहान लेकराला विचारा. कुंकू! म्हातारीनं अंबाडी भरली होती हळदीच्या रिकाम्या पोत्यात. आमच्या जिल्ह्यात दुसरं पोतं मिळतं कुठं? आमच्याकडं गहू हळदीच्या पोत्यात, कपडे हळदीच्या पोत्यात, मेहुणा पहिल्यांदा पुण्याला गेला तेव्हा त्याचं अंथरूणसुद्धा हळदीच्या पोत्यातच. फौजदारांनी फाट्यावर भर उन्हात, दोन पंचांच्या साक्षीनं, सरकारी किटात कुंकू तयार केलं होतं.

मोठ्या यंत्रानंही हजेरी घेतली. गांजाच्या घरचं कोणीही हजर नव्हतं. रिपोर्ट गेला.

फौजदारांचा फोन आला तेव्हा रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरावा लागला. सरकारी वकीलही हटून बसले. पंचनाम्यात लाल लिहिलंय, पंचांनी लाल बघितलंय, मग प्रयोगशाळा नाही कशी म्हणते? म्हातारीच्या जामिनाच्या दिवशी कोर्टानं मलाच बोलावलं.

तिथं मी त्या म्हातारीला, कौसामावशीला, पहिल्यांदा बघितलं. वाळक्या अंबाडीएवढंच वजन असेल. पदर डोक्यावरून घट्ट, दोन्ही बाजूंना महिला शिपाई. न्यायाधीश बाई होत्या, चष्म्यातून सगळ्यांकडं सारख्याच संशयानं बघणाऱ्या.

सरकारी वकिलांनी सुरुवात केली, “किटमध्ये रंग लाल आला, हे तुम्हाला मान्य आहे?”

“मान्य आहे.”

“म्हणजे गांजा!”

“म्हणजे हळद.”

“साहेब, म्या पहिल्या दिसापासून बोंबलून राहिले!” मावशी पिंजऱ्यातून कडाडली. “हळदीच्या पोत्याला हळद न्हाई लागणार, तर काय साखर लागंल?”

“शांत राहा, बाई,” न्यायाधीश म्हणाल्या.

“किती शांत राहू माय? तिकडं माझी लेक दिवस मोजून राहिली, आन् हितं हे पान मोजून राहिले!”

न्यायाधीश माझ्याकडं वळल्या. “हळदीनं लाल होतं, हे दाखवता येईल?”

खरं तर मी पुस्तकं नेली होती, आलेख नेले होते, अंजलीनं काढलेले परातीएवढे फोटो नेले होते. पण समोर फौजदार बसले होते आणि कपाळ पुसत होते. रुमाल कधीकाळी पांढरा असावा. हळदीच्या हंगामात सहा-सात गावांचा बंदोबस्त करून तो आता हळकुंडासारखा पिवळा झाला होता. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे.

“मॅडम, परवानगी असेल तर फौजदारसाहेबांचा रुमाल पाहिजे. आणि थोडा चुना.”

“चुना इथं कुठून आणणार?”

मी सरकारी वकिलांच्या कोटाच्या खिशाकडं नुसतं बघितलं. तिथं डबीचा गोल आकार स्पष्ट उठला होता. वकील लाजले, खाकरले, इकडंतिकडं बघितलं आणि तंबाखूच्या चुन्याची डबी टेबलावर ठेवली. न्यायाधीशबाईंनी त्या डबीकडं अशा नजरेनं बघितलं की त्या वकिलांनी पुढं तंबाखू सोडला म्हणतात. मला विचाराल तर फक्त डबीचा खिसा बदलला असेल.

रुमालाच्या एका कोपऱ्यावर पाण्याचे थेंब टाकले, बोटानं चुना चोळला. पिवळं डोळ्यांदेखत लाल झालं. असं लाल, की मागच्या बाकावरच्या एका बाईंनी नकळत हात जोडले.

“ह्या न्यायानं,” मी अदबीनं म्हणालो, “फौजदारसाहेबांचा रुमालसुद्धा आत जायला हवा.”

न्यायाधीशबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसायला नको तितका वेळ पुसला. त्यानंतर मी दोन थरांचं समजावलं, फोटो दाखवले, तळहात असलेलं आणि नसलेलं पान दाखवलं. तेवढ्यात कोर्टात खसखस पिकली. मी वळून बघितलं. फौजदारांनी रुमाल परत घेतला होता, घाम आला होता, आणि सवयीनं कपाळ पुसलं होतं. कपाळभर लाल मळवट! त्यांना पत्ताच नाही. ते गंभीर चेहऱ्यानं कायद्याची बाजू सावरून बसले होते. मावशी पिंजऱ्यातून म्हणाली, “सवाशीण दिसून राहिले बगा!”

सोडायचा हुकूम त्याच दिवशी झाला. इथंच थांबावं असं मला फार वाटतं, आणि लग्नाच्या पंगतीत मी इथंच थांबतो. पण हुकुमाचा कागद तुरुंगात पोचेपर्यंत दार बंद व्हायची वेळ टळून गेली होती. मावशी सकाळी सुटली. तिथून थेट सरकारी दवाखान्यात गेली, तर सुमनची, तिच्या लेकीची, पहाटेच सुटका झाली होती. मुलगी. दोघी ठणठणीत.

बारशाला मावशीनं मला बोलावलं, अंजलीला बोलावलं, आणि फौजदारांनाही बोलावलं. फौजदार येतील असं मला वाटलं नव्हतं. आले, तेही बिनवर्दीचे, हातात पाळण्याला बांधायचं खेळणं घेऊन. रुमाल कोरा पांढरा होता. बक्षिसाचं काय झालं हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

दारातच मावशीनं त्यांना अडवलं. “तकलीफ झाली आसंल न्हाई यायला?”

“न्हाई मावशी.” फौजदार खाली बघत म्हणाले. “मावशी, माझी चूक झाली. पण तुमी येळेवर सुटला, बरं झालं.”

“येळेवर?” मावशीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. “कळा माझ्या लेकीनं एकलीनं काढल्या, साहेब. ती आई आई करून राहिली आन् म्या भिंतीकडं बगून राहिले. ती येळ कोण देतंय परत?”

फौजदारांनी हातातलं खेळणं तिच्यापुढं धरलं. आमच्या मागच्या कपाटात अजून किती जणांची वेळ लाख लावून पडली असेल, हा विचार मी त्या दिवशी दारातच ठेवून आत गेलो. तो अजून तिथंच असावा, कारण अधूनमधून भेटतो.

पण मावशी रडत बसणाऱ्यातली नव्हती. पाट मांडले, ज्वारीची भाकरी आणि लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी वाढली. फौजदारांचा हात जरा घुटमळला.

“खा बिनघोर,” मावशी म्हणाली. “सरकारी लॅबमधून पास झालेली हाय. मोठ्ठ्या यंत्रातून! तुमी गावात कोणाची भाजी यंत्रातून काढलेली खाल्ली का?”

फौजदारांनी इतकी खाल्ली की अंजलीनं त्यांच्या भाकरी मोजायचं सोडून दिलं. निघायच्या वेळी मावशी आतून एक पोतं घेऊन आली. हळदीचंच. तोंड सुतळीनं बांधलेलं, काठोकाठ वाळकी अंबाडी.

“घरी तुमच्या बाईसाहेबांना द्या. म्हणावं, कौसाबाईनं पाठवली.”

फौजदारांना नाही म्हणता येईना. त्यांनी पोतं मोटारसायकलला बांधलं, किक मारली, आणि गाडी चालू असतानाच तिथंच थबकले. घरचा रस्ता वारंगा फाट्यावरून जात होता, आणि त्या आठवड्यात फाट्यावर पुन्हा नाकाबंदी लागली होती. ठाणं दुसरं, पोरं नवीन, अंगावर वर्दी नाही. मोबाईल मात्र तोच, किटही तेच.

ते गाडीवरून उतरले आणि माझ्या कानाशी लागले. “सर, ते एवढं एका कागदावर लिहून देता का? तपासलेली हाय, अंबाडी हाय, म्हून?”

मी काही बोलायच्या आधीच मावशीनं ऐकलं होतं. कडेवरच्या नातीचं टोपडं सारखं करत ती शांतपणे म्हणाली,

“देतील की साहेब. रिपोर्ट येईस्तोवर आत बसा, म्या न्हाई का बसले?”